दोन डोळ्यांचं टिपरं

"आमच्या पोराचं रक्त? आमच्या पोराचं? पोरीचं काढा की! आमचा पोरगा काय बाजारात आनलाय व्हय, दात मोजून घ्यायला?"

हा आवाज कन्हेरीच्या नारायणआबांचा. बारामतीच्या आमच्या लॅबमध्ये ते असे ओरडले, की रक्त फिरवायचं मशीन आपण होऊन बंद पडलं, भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं मागं गेलं आणि तिकडं भिगवणच्या पाण्यात एका पायावर उभे असलेले रोहित पक्षी दुसरा पाय खाली टेकवून ऐकायला लागले. कुणाला खोटं वाटत असेल तर त्यानं पक्ष्यांना जाऊन विचारावं.

मी सुई हातात धरून उभी. समोर खुर्चीत आबांचा थोरला मुलगा अमोल, मान खाली घालून. बाकावर शेळगावची शीतल, जिच्याशी त्याचं ठरत होतं, आणि तिची आई. शीतलनं एक अट घातली होती : सुपारी फुटायच्या आधी दोघांचं रक्त तपासायचं, नाहीतर मी पाटावर बसत नाही. तिच्या मावसबहिणीच्या मुलाला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागायचं. ते तिनं जवळून पाहिलं होतं. आबांना वाटलं होतं, अट पोरीची म्हणजे रक्तही पोरीचंच.

"आबा," मी म्हटलं, "परवा गाय भरवली तेव्हा वळूची चौकशी केली का न्हाय?"

"केली की! वळूच्या आयचं दूध किती, आजीचं किती, समदं इचारलं. फोटू बगितला."

"आणि सुनेला नातवंडं व्हायची, त्यांच्या बापाचं काय न्हाय विचारायचं?"

"गाईची गोष्ट येगळी, बाई. गाईत फसलं तर गावात तोंड दाखवाया जागा ऱ्हात न्हाय." मग परत आवाज चढला. "आवो, आमच्या घरात कुनालाबी कायबी न्हाय! माझा बाप नव्वदीत गेला, त्योबी बांधावर भांडताना. आजारानं न्हाय, जिंकताना गेला!"

तेवढ्यात अमोलनं स्वतःच बाही वर सारली. "आबा, गप बसा जरा. एक सुई हाय. मावशी, घ्या."

आबा गप बसले. कन्हेरीच्या इतिहासात हे प्रथमच घडलं असावं.

मी रक्त काढणारी बाई. इंदापुरात राहायचं, बारामतीत नोकरी, आणि गावोगावच्या शिबिरांना स्कूटीवरून जायचं. कमरेला बर्फाची पेटी बांधलेली. गावात पोरं ओरडायची, "कुल्फी आली!" मी थांबून एकेकाला सुई दाखवायची. डॉक्टर नाही, नर्सही नाही. काचेच्या नळीमागचं माणूस. लोकांना डॉक्टर आठवतो. रक्त कुणी काढलं ते आठवत नाही. मला मात्र त्यांच्या शिरा आठवतात. चेहरा विसरते, नाव विसरते, पण बाही वर केली की सांगते, तुम्ही अमक्याचे. एकदा अंधारात नुसती शीर चाचपून मी एका माणसाचं गाव, भावकी आणि त्याच्या शेतातल्या विहिरीची खोली सांगितली होती. विहीर दोन फूट चुकली, कबूल करते.

ह्या तपासणीबद्दल थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. थॅलेसेमिया नावाचा रक्ताचा एक आजार आहे. तो लागट नाही, अंगात येतो तो आईबापांकडून. मूल जन्मतं तेव्हा गुटगुटीत असतं, आणि वर्षाच्या आत पांढरं पडायला लागतं. मग जन्मभर दुसऱ्याचं रक्त. पण आईबाप मात्र ठणठणीत असतात. ते नुसते वाहक. त्यांच्या लाल पेशी जरा बारक्या, एवढंच. म्हणून पुष्कळदा त्यांना पंडुरोगी समजून लोहाच्या गोळ्या देत राहतात. पिंपळीची एक मुलगी माझ्याकडं आली ती बीट खाऊन खाऊन. आईनं तिला इतकं बीट घातलं होतं की तिनं चुंबलेलं वासरूही लाल झालं होतं. रक्त वाढेना. वाढणार कसं? तिला कमी काहीच नव्हतं, पेशीच घरच्या वळणानं बारक्या होत्या.

हे सांगायला मी आधी बांगड्या वापरायची. प्रत्येकाच्या दोन बांगड्या, त्यातली एक बाळाला द्यायची, असं. बायकांना पटकन कळायचं. पुरुषांसमोर बांगड्या काढल्या की ते ताडकन उठायचे, "आमाला बांगड्या भरायला बोलीवलं व्हय?" म्हणून मी टेबलाच्या खणात उसाची टिपरी ठेवायला लागले. उसाची लागण करतात ते दोन डोळ्यांच्या टिपऱ्यानं, म्हणजे कांड्याच्या तुकड्यानं, तेच बेणं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. डोळा म्हणजे कांड्यावरचा कोंब. एक डोळा मेला तरी दुसऱ्यावर ऊस फुटतो, आणि बांधावरून बघणाऱ्याला काही वेगळं दिसत नाही. वाहक म्हणजे असं टिपरं. एक डोळा जिवंत, एक मेलेला. ऊस झकास. फक्त मूल होताना बाप आपल्यातला एक डोळा देतो आणि आई आपल्यातला एक. दोघांचे मेलेलेच डोळे एकत्र आले, तर त्या बाळाला हा आजार. एकच जण वाहक असेल तर त्या आजाराचं भय नाही. दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणाला चारातला एक धोका. आणि फासा दरवेळी नव्यानं पडतो. एकदा वाईट पडला म्हणून पुढचे तीन चांगले, असला हिशेब वरचा ठेवत नाही.

माझं स्वतःचं रक्त मी नोकरीला लागल्या महिन्यातच तपासलं. दोन्ही डोळे शाबूत. टिपरं तेवढं कुणी लावलं नाही. का नाही, ते विचारू नका. विचारलंत तर मी दरवेळी वेगळं कारण सांगते, आणि सगळी चांगली आहेत. एका कारणात तर संस्थानचा राजपुत्रही आहे.

ह्या धंद्यात तोंड सांभाळावं लागतं. रिपोर्ट ज्याच्या रक्ताचा, त्याच्याच हातात, असा नियम. पण गाव तुम्हाला सोडतं का? मी एखाद्या घरातून पेटी घेऊन बाहेर पडले की चार बायका आडव्या. "मावशी, कुनाचं काढलं? पोरीचं का? कायतरी असंल म्हनूनच की!" गप्प राहिलं तर त्या स्वतःच उत्तर तयार करतात, आणि ते नेहमी पोरीच्या वाईटाचं असतं. म्हणून मी एक युक्ती काढली. खोटं बोलायचं, पण इतकं मोठं की खरं कुणी शोधायलाच जाऊ नये. निमगावात एका बाईनं विचारलं, त्या घरी कशाला गेला होता? म्हटलं, बोकडाची शुगर बघायला. त्या गुरुवारी आठवडे बाजार उरकून एकजण थेट लॅबच्या पायरीवर बोकड घेऊन हजर. म्हणाला, लई पानी पितंय. आमच्या डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी बोकडाकडं पाहिलं. बोकडानं टेबलावरचे दोन कागद खाल्ले आणि प्रकरण मिटलं.

अशानं माझं नाव पडलं, 'थापाडी मावशी'. चांगलं नाव आहे. थापाड्या बाईला कुणी खरं विचारत नाही.

एकदा मात्र माझ्या थापा कमी पडल्या. ती बीटवाली पिंपळीची मुलगी. तिचं जमलं होतं, ती वाहक निघाली आणि मुलगा निघाला स्वच्छ. म्हणजे भीती शून्य. मी टिपरी मोडमोडून दाखवली. मुलाकडचे मान हलवत होते. घरी गेले आणि निरोप धाडला, "बेनंच खोटं हाय, तर रान कशाला नासवायचं?" लग्न मोडलं. सुपारी फुटल्यावर मोडलं, म्हणजे आमच्याकडं मुलीच्या कपाळावर शिक्काच. ती आता पुण्याला नोकरी करते म्हणे. पुढं एकदा बसस्टँडवर दिसली, मला बघून रसवंतीच्या मागं गेली. मी रस प्यायचा सोडून दिला त्या दिवसापुरता.

आणि मला लग्नांची आमंत्रणं बंद झाली ती साधारण तेव्हापासून. आधी मला कळलंच नाही. वाटलं, यंदा मुहूर्त कमी आहेत. मग लक्षात आलं, की रक्तवाली बाई मांडवात दिसली की लोक वर-वधूकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघतात, आणि मग परत वर-वधूकडं, निराळ्या नजरेनं. ज्यांच्या घरचं मी काढलं ते तर बोलवतच नाहीत, आणि ज्यांचं काढलं नाही ते ह्या भीतीनं, की लोकांना वाटेल काढलंय. हळदीकुंकवालाही तेच. माझ्या घरी दाराबाहेर मी दोन जोड चपला ठेवते. चोराला वाटावं घरात माणसं आहेत म्हणून, असं मी सांगते.

तर कन्हेरी-शेळगावचं काय झालं ते सांगते. नमुने पुण्याला गेले, मोठ्या तपासणीसाठी. आमच्याकडं रिपोर्ट मोबाइलवर येतो. फॉर्मवर जो नंबर, त्यावर. आणि आमच्या भागात घरातल्या कुणाच्याही फॉर्मवर नंबर कुणाचा, तर थोरल्या माणसाचा. आबांनी दोन्ही फॉर्मवर रुबाबात स्वतःचा नंबर घातला होता. होणाऱ्या सुनेच्याही. तिच्या आईनंही काही हरकत घेतली नाही, उलट तिला बरं वाटलं, की सोयरे आत्तापासून जबाबदारी घेतात.

दोन्ही रिपोर्ट आबांच्या फोनवर आले. आबांना इंग्रजी वाचता येत नाही. पण बघता येतं. त्यांनी दोन्ही उघडले, चष्मा लावला, खालच्या ओळी बोटानं ताडून पाहिल्या. इकडं जे लिहिलंय तेच तिकडं. अक्षराला अक्षर! जन्मभर पत्रिका जुळवत आलेला माणूस तो. छत्तीस गुण म्हणजे काय ते त्यांना कळतं. त्यांनी तिथल्या तिथं मांडीवर थाप मारली. "जुळलं! पार रक्तापतूर जुळलं! असं तर भटालाबी जुळवता येत न्हाय!" आणि त्याच दुपारी शेळगावला माणसं नेऊन सुपारी फोडून मोकळे झाले.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये पेढे आले. घेऊन स्वतः आबा.

"बाई, मी तुमाला वरडलो, ते इसरा. तुमची मशीन झ्याक हाय. दोघांचं सारकंच आलं!"

मी पेढा तोंडात घातला होता. तो आजतागायत खाली उतरलेला नाही.

"मायनर" असं दोघांच्याही रिपोर्टवर, लॅबच्या प्रतीत मी सकाळीच वाचलं होतं. दोघंही वाहक. ज्या एका जुळण्याला आम्ही घाबरतो, नेमकं तेच जुळलं होतं, आणि त्यावर सुपारी फुटली होती.

काय बोलणार? आबांना सांगितलं असतं तर दोन तासांत कन्हेरीला कळलं असतं, संध्याकाळपर्यंत शेळगावला, आणि 'खोटं बेणं' म्हणून नाव पडलं असतं ते एकट्या शीतलचं. अमोलचं नाही. त्याचंही रक्त तेच असून नाही. मी म्हटलं, "आबा, पेढा फक्कड. पण नमुना जरा गोठलाय, दोघांना परत पाठवा. दोघांनाच. गर्दी केली की रक्त घाबरतं."

"व्हय का?" आबा म्हणाले. त्यांना ते लगेच पटलं.

दोघं आली. मी दार लावून घेतलं, बाहेर दाखवण्यापुरतं दोघांचं परत रक्त काढलं, मग खणातून टिपरी काढली. बोलायला सुरुवात केली तशी शीतल म्हणाली, "मावशी, मला ठाव हाय. आबांनी फोन दावला तवाच मी वाचलं. सारकं आलं म्हनून पेढं वाटत्यात आबा, आन मी तितंच बसून ऱ्हायले हुते. बोलू कुनाला?"

अमोल टिपऱ्याकडं बघत होता. उसाच्या घरचा पोरगा. त्यानं मेलेल्या डोळ्यावरून अंगठा फिरवला. म्हणाला, "मोडायचं का?"

"तू सांग," शीतल म्हणाली.

"मी न्हाय सांगनार. मी सांगितलं तर तुझ्यावर येतंय. तू सांगितलं तरी तुझ्यावरच येतंय."

मग त्यांनी मला विचारलं, मावशी, दुसरं काय करता येतं? मी सांगितलं. दोघांनी लग्न करावं की नाही, हे सांगणारी मी कोण? पण करायचं झालं, तर दिवस राहिले की तिसरा महिना भरायच्या आत पुण्याला जायचं. वारेतला बारीकसा तुकडा सुईनं काढतात, आणि बाळाला कुठले डोळे मिळाले ते कळतं. वाईट निघालं तर काय करायचं, ते तेव्हा त्या दोघांनी ठरवायचं. सोपं नाही. मी सोपं करून सांगितलं नाही. ह्या एका गोष्टीत मी कधी थाप मारलेली नाही.

शीतल स्वतःच्या कोपराच्या घडीत मी लावलेला कापसाचा बोळा दाबत बसली होती. रक्त कधीच थांबलं होतं. शेवटी म्हणाली, "करायचं. पर घरात कुनालाच सांगायचं न्हाय. तुज्या आयला न्हाय, माज्या आयला न्हाय. मावशी, तुमी शपथ घ्या."

मी घेतली.

राहता राहिला आबांचा फोन. त्यात ते दोन रिपोर्ट, आणि आबा दिसेल त्याला दाखवत सुटलेले, "बगा, रक्तापतूर जुळलं!" एखादा शिकलेला भाचा कधी वाचेल ह्याचा नेम नव्हता. पण झालं काय, त्याच आठवड्यात आबांचा फोन उसाच्या पाटात पडला. चालू पाटात. कसा पडला मला माहीत नाही. त्या दिवशी मी कन्हेरीत शिबिराला गेले होते, आबांनी मला मळा दाखवायला नेलं होतं, आणि पाटाशी वाकून मी हात धूत होते, एवढं खरं. फोन इतका वाहत गेला म्हणतात, की पार निरा नदीच्या काठाला एका मगरीनं उचलला. निरेला मगर नाही, असं कुणी म्हणेल. मग फोन कुठं गेला?

लग्न झालं. दणक्यात झालं. मांडवाचं टोक बारामतीत आणि जेवणाची पंगत भिगवणपर्यंत, एवढं मोठं. मला कसं कळलं? सकाळी शिबिराला जाताना मी त्या रस्त्यानं गेले. परत येतानाही त्याच रस्त्यानं आले. तो रस्ता माझ्या वाटेवर नाही.

पुढच्या वर्षी शीतलचा फोन आला. "मावशी, दिवस गेल्यात. जायचं." अमोलच्या घरी सांगितलं, मावसबहिणीकडं जातोय. शीतलला दुसरीच धास्ती : कुणी ओळखीच्यानं दवाखान्याच्या दारात पाहिलं, तर म्हणणार, पोरगा का पोरगी ते बघायला गेली. म्हणून ती तोंडाला स्कार्फ बांधून, आणि मी सोबतीला. सुई आत जाताना तिनं माझा हात धरला होता. आयुष्यभर मी लोकांना सुया टोचल्या, हात कुणी धरला नव्हता. लोक दुसऱ्या कुणाचा तरी धरतात.

रिपोर्ट आला. दोन्ही मेलेले डोळे.

ह्यापुढं मी काही वाढवून सांगणार नाही. त्या दोघांनी ठरवलं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, कागदावर सह्या झाल्या. अमोल बाहेर पायऱ्यांवर बसला होता. आत मी होते. गावाला सांगितलं, पोट टिकलं नाही. आबांनी डाळिंबं पाठवली टोपलीभर, सुनेला शक्ती यावी म्हणून. सासूनं बीट किसायला घेतलं. शीतलनं ते खाल्लं.

पुण्याहून परतताना दौंडच्या पुढं कुठंतरी गाडीत ती म्हणाली, "मावशी, पुढचं नीट झालं ना, तर बारशाला पाळन्याची पयली दोरी तुमच्या हातात. कोन काय म्हनायचं ते म्हनू द्या."

मी हसून म्हटलं, "मला पाळणा म्हणता येत नाही गं. मी गायले तर पोर उठून कारखान्यावर कामाला जाईल." ती हसली. त्या दिवसातलं तेवढंच.

घरी आले आणि लोकर आणली. आमच्याकडं बारशाला कुंची नेतात, बाळाच्या डोक्यावरून पाठीवर येणारी. मला विणता येत नव्हतं. रक्त काढणाऱ्या हातांना सुया चालतात, पण दोन सुया एकदम नाही. पहिली कुंची विणली ती माझ्याच डोक्यावर बसेल एवढी झाली. दुसरी कोपऱ्यात फसली. तिसरी जमली. पिवळी, कडेला हिरवी. शेजारच्या बाईनं विचारलं, कुणासाठी? म्हटलं, एका राजघराण्यात बारसं आहे, मला पालखी पाठवणार आहेत. ती म्हणाली, तुमचं आपलं कायतरीच, मावशी.

पुढच्या खेपेला परत पुण्याला. परत स्कार्फ, परत माझा हात. ह्यावेळी रिपोर्ट चांगला. बाळ वाहकसुद्धा नाही. दोन्ही डोळे हिरवेगार. मी फोनवर ऐकलं आणि लॅबमधल्या लॅबमध्ये अशी उडी मारली, की वरच्या मजल्यावरच्या सीएच्या टेबलावरची फाइल खाली पडली.

दिवस भरले, मुलगी झाली, हे मला कळलं ते लॅबमध्ये आलेल्या कन्हेरीच्या एका म्हातारीकडून. मग मी बारशाची वाट पाहू लागले. साडी काढून ठेवली. स्कूटीला पेट्रोल भरून ठेवलं. फोन आला की पहिल्या घंटेला उचलायची, मग वाटायचं, एवढी घाई दिसायला नको, म्हणून दुसऱ्या घंटेची वाट पाहायची. कर्जवाले, विमावाले, लॉटरीवाले, सगळ्यांशी मी त्या दिवसांत फार गोड बोलले. एका विमावाल्यानं तर मला परत फोन केला, नुसतं बोलायला.

आठवडे गेले. एके दिवशी तीच म्हातारी लॅबमध्ये आली, शुगर तपासायला. पदराच्या गाठीतून तिनं घुगऱ्या काढल्या. "घ्या मावशी, आबांच्या नातीच्या बारशाच्या. लई मोटं केलं. तुमी दिसला न्हाई?"

म्हटलं, "मी आले होते की. मागच्या दारानं. पाळणा हलवून गेले, कुणाला दिसले नाही."

"तुमचं आपलं कायतरीच," म्हातारी म्हणाली.

घुगऱ्या खाल्ल्या. जरा कच्च्या होत्या.

मग माझ्या निवृत्तीच्या महिन्यात, खणातली टिपरी, सुकून पार काडी झालेली, मी पिशवीत भरत होते, तर दारात आबा. सोबत धाकटा मुलगा आणि एक अनोळखी मुलगी, तिचे आईवडील. आबांनी आवाज केला नाही. खुर्ची ओढली, मुलाला बसवलं, त्याची बाही स्वतःच्या हातानं वर सारली.

"सुपारीच्या आदी आनलंय," म्हणाले. "दोघांचंबी घ्या. फोन नंबर ज्याचा त्याचा लिवा. थोरल्या सूनबाईनं बजावून धाडलंय. नुसतं सारकं आलं म्हनून नाचू नका म्हनली."

मी रक्त काढलं. तीस वर्षांची सवय. बोळा दाबायला दिला. मुलीचंही घेतलं. नळ्यांवर नावं लिहिली. सगळी बाहेर गेली, आबा चप्पल शोधत मागं राहिले होते.

मला राहवलं नाही. मी माझ्या नेहमीच्या आवाजात, मोठ्यानं, हसत म्हटलं, "काय आबा! नातीच्या बारशाला अख्ख्या बारामतीला घुगऱ्या वाटल्या, आन् मशीनवाल्या बाईला इसरला व्हय?"

आबांनी चप्पल घातली.

"इसरलो न्हाय," ते म्हणाले. "मी तुमचं नाव सांगितलं हुतं. सूनबाई नको म्हनली."